बग ट्रॅकरचे मेल नकोसे झालेत? सगळे बंद करण्याआधी या चुका टाळा

बग ट्रॅकरचे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवून त्यांचा माग ठेवणाऱ्या टूलचे, मेल फार यायला लागले की बहुतेक जण एकच उपाय करतात, जीमेलमध्ये फिल्टर टाकायचा, ट्रॅकरच्या पत्त्यावरून आलेलं सगळं एका लेबलमध्ये, इनबॉक्स स्किप, विषय संपला. दोन-तीन दिवस मस्त शांतता. मग स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला) कोणीतरी विचारतं, अरे तुझ्याकडे रिव्ह्यू टाकला होता त्याचं काय झालं, आणि तो मेल त्या लेबलमध्ये खाली कुठेतरी न वाचता पडलेला असतो.

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. मेल जास्त येतात हा त्रास असतोच, पण खरी गोची ही की "तुझ्याकडून उत्तर हवंय" हा मेल आणि "कोणीतरी सीसी लिस्टमध्ये आलं" हा मेल, दोन्ही एकाच पत्त्यावरून, जवळपास एकाच विषयाने येतात. पाठवणाऱ्यावरून फिल्टर लावला की दोन्ही एकत्रच जातात. फिल्टर लावायचा तो मेल कोणाकडून आला यावर नाही, मेल *मला का आला* यावर.

आणि हे कारण बरेच मोठे ट्रॅकर सांगतातच, आपण बघत नाही एवढंच. बगझिला या ट्रॅकरच्या मेलच्या अगदी तळाशी लिहिलेलं असतं की तुम्ही या बगच्या सीसीवर आहात म्हणून, किंवा बग तुमच्याकडे असाइन आहे म्हणून हा मेल आलाय. तेच हेडरमध्येही (मेलसोबत जाणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या माहितीत) असतं, एक्स-बगझिला-रीझन नावाने. गिटहब आणि गिटलॅब या कोड ठेवायच्या साइट्सचंही तसंच: गिटहबचं एक्स-गिटहब-रीझन, गिटलॅबचं एक्स-गिटलॅब-नोटिफिकेशनरीझन. आउटलुकमध्ये हेडरमधल्या शब्दांवर रूल लावता येतो, थंडरबर्डमध्ये फिल्टरला कस्टम हेडर जोडता येतो. जीमेलमध्ये मात्र असल्या हेडरवर फिल्टर लागत नाही, कितीही खटपट करा. म्हणून गिटहब तेच कारण सीसीच्या पत्त्यातही टाकतं, म्हणजे मेन्शन केलं (कमेंटमध्ये @ लावून तुमचं नाव घेतलं) असेल तर 'मेन्शन'ने सुरू होणारा नोरिप्लाय पत्ता, रिव्ह्यू मागितला असेल तर 'रिव्ह्यू रिक्वेस्टेड'वाला, असाइन केलं असेल तर 'असाइन'वाला. जीमेलमध्ये या पत्त्यांवर तीन फिल्टर टाका आणि त्यांना स्टार लावा, अर्धं काम झालं. बाकीचं खुशाल लेबलमध्ये जाऊ दे.

ट्रॅकरची सेटिंग न उघडताच मेलबॉक्सशी मारामारी

उरलेलं अर्धं काम ट्रॅकरच्या आतच करायचंय, आणि तिथे कोणी फिरकत नाही. बगझिलाचंच घ्या. 1998 पासून मोझिलाचे लोक वापरतायत, दिसायला जुनाट आहे हे मान्य, पण त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ईमेलचा जो तक्ता आहे ना, तशी बारीक सोय बऱ्याच नव्या चकाचक टूल्समध्येही सापडत नाही. एका बाजूला घटना: नवी कमेंट, नवं अटॅचमेंट, प्रायॉरिटी किंवा स्टेटस बदललं, कीवर्ड बदलला, सीसी बदलला, डिपेंडन्सी (कुठला बग कुठल्यावर अडलाय ते) बदलली. दुसऱ्या बाजूला तुमची भूमिका: असाइनी (ज्याच्याकडे बग आहे तो), क्यूए (टेस्ट करणारा), रिपोर्टर (बग नोंदवणारा), सीसी. प्रत्येक चौकटीत टिक. म्हणजे "बग माझ्याकडे असेल तर सगळं कळव, पण मी नुसता सीसीवर असेन तर फक्त कमेंट आणि स्टेटस" हे जसंच्या तसं सांगता येतं. सुरुवात करायची तर सीसी बदलल्याची पूर्ण ओळ काढून टाका, त्या ओळीवाचून कोणाचं काही अडत नाही. मग सीसीच्या रांगेतले कीवर्ड आणि डिपेंडन्सीचे टिक काढा. फरक दुसऱ्याच दिवशी दिसेल.

या तक्त्यात एक खड्डा आहे. खाली "पण या वेळी नको" अशा अर्थाच्या दोन ओळी आहेत, एक म्हणजे बदल मी स्वतः केला असेल तर, आणि दुसरी बग अनकन्फर्म्ड, म्हणजे खरा आहे की नाही हे अजून न तपासलेला, असेल तर. या दोन ओळी वरच्या सगळ्या टिकांना गप्प करतात. पहिली चालू ठेवा, स्वतःच्याच कमेंटचा मेल कोणाला हवाय. पण दुसरी क्यूए किंवा ट्रायाजवाल्याने (नवे बग चाळून वर्गवारी करणाऱ्याने) टिक केली तर नवीन येणारे कच्चे बग, जे बघणं हेच त्याचं काम, त्यांचेच मेल बंद, आणि वर सगळे टिक व्यवस्थित दिसत असल्यामुळे बिघडलंय कुठे ते लवकर कळतही नाही.

अजून एक लपलेली सेटिंग आहे, ती ईमेलच्या टॅबमध्ये नाहीच, जनरल प्रेफरन्सेसमध्ये आहे: मी ज्या बगमध्ये बदल करेन त्याच्या सीसीवर मला आपोआप टाक. नेहमी, दुसरी काही भूमिका नसेल तरच, किंवा कधीच नको असे तीन पर्याय. ज्याने एका दुपारी बसून ढीगभर बगना कीवर्ड लावले तो त्या सगळ्यांच्या सीसीवर जाऊन बसतो आणि महिनाभर विचार करतो की हे मेल येतायत कुठून. ट्रायाज करणाऱ्यांनी हे 'कधीच नको' वर ठेवायचं, ज्या बगमध्ये खरंच रस आहे तिथे स्वतः सीसी व्हायचं.

सहकारी सुट्टीवर गेला की त्याचे मेल फॉरवर्ड करायला लावतात तेही नको. बगझिलामध्ये युजर वॉचिंग आहे, त्याचं नाव टाकलं की त्याचे बगमेल तुम्हालाही येतात. फक्त तो परत आल्यावर नाव काढायला विसरू नका, कारण हे आपोआप बंद होत नाही.

गिटहबवर 'इग्नोर' दाबणं

गिटहबवर रेपोच्या (प्रोजेक्टचा कोड ठेवलेल्या जागेच्या) वॉच बटणात 'इग्नोर' आहे, वैतागून लोक तेच दाबतात. पण इग्नोर म्हणजे खरोखर काहीच नको, तुमचं नाव घेऊन विचारलं तरी कळणार नाही. तुम्हाला हवं असतं ते 'पार्टिसिपेटिंग अँड मेन्शन्स', किंवा दुसऱ्यांच्या लायब्ररीसाठी 'कस्टम' निवडून त्यात फक्त रिलीज आणि सिक्युरिटी अलर्ट. नवीन रेपोचा अ‍ॅक्सेस मिळाला की आपोआप वॉच होण्याची सेटिंगही 2025 पर्यंत असायची, कंपनीत रेपो भरपूर असतील तर पुराचं पाणी बरेचदा तिथूनच आलेलं असतं, वॉच केलेले नको ते रेपो आधी काढून टाका. एखाद्या इश्यूवर (तिथे नोंदवलेल्या बगवर) अनसबस्क्राइब केलं आणि तरी मेल परत सुरू झाले तर ते बिघडलेलं नाहीये हां, तुम्ही तिथे पुन्हा कमेंट केली किंवा कोणी तुम्हाला मेन्शन केलं की सबस्क्रिप्शन परत चालू होतं.

टीम मेन्शनचं तर विचारूच नका. 2022 मध्ये एपिक गेम्सच्या रेपोमध्ये कोणीतरी एका पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला माझा बदल घ्या अशा मागणीत) अख्ख्या डेव्हलपर टीमला टॅग केलं आणि चार लाखांच्या घरात लोकांना नोटिफिकेशन गेलं. आपल्या टीमा एवढ्या मोठ्या नसतात, पण कोडओनर्स फाइलमध्ये (कुठल्या फाइलचा रिव्ह्यू कोणाकडे जाणार ते जिथे लिहितात तिथे) एका टीमचं नाव सगळ्या फाइल्ससाठी लिहून ठेवलं की रोज तोच प्रकार छोट्या प्रमाणात चालू राहतो. टीमच्या सेटिंगमध्ये कोड रिव्ह्यू असाइनमेंट चालू करा, पाळीपाळीने एकेकाला रिव्ह्यू जाईल, आणि अख्ख्या टीमला कळवू नको असा पर्यायही तिथेच आहे. आणि प्लीज, "मला पण हाच प्रॉब्लेम" एवढीच कमेंट टाकू नका, अंगठा दाबा. ही रिअ‍ॅक्शनची सोय 2016 मध्ये आली, ओपन सोर्सवाल्यांनी जाहीर पत्र लिहून "+1 कमेंटनी आम्ही बेजार झालोय" असं सांगितल्यानंतर.

जिरामध्ये युजरलाच दोष देणं

"तुझी सेटिंग बघ" असं अ‍ॅडमिन म्हणतो आणि युजर बिचारा वॉच काढून काढून थकतो. जिरा या ट्रॅकरमध्ये कोणाला काय जाणार हे मुळात प्रोजेक्टच्या नोटिफिकेशन स्कीममध्ये ठरतं, म्हणजे कुठल्या इव्हेंटला कोण: असाइनी, रिपोर्टर, सगळे वॉचर, अमुक ग्रुप. तुम्ही त्या ग्रुपमध्ये असाल तर वॉच काढून काहीच होत नाही. अशा वेळी अ‍ॅडमिनने अंदाज बांधत बसण्यापेक्षा नोटिफिकेशन हेल्पर उघडायचा, युजर, इश्यू आणि इव्हेंट टाकला की मेल जाणार का आणि का हे तो सरळ सांगतो. कितीतरी अ‍ॅडमिनना तो आहे हेच माहीत नसतं! स्कीम बदलताना मात्र ती अजून कुठल्या प्रोजेक्टना लावलीय ते बघा, डिफॉल्ट स्कीम बरेच जण वाटून वापरत असतात, एकाचा त्रास काढताना दुसऱ्या टीमचे मेल बंद व्हायचे. आणि स्प्रिंट (कामाची ठरलेली फेरी) संपल्यावर बल्क चेंज करताना, म्हणजे ढीगभर इश्यू एकदम बदलताना, मेल पाठवण्याची टिक काढा, बाकी काही नाही केलं तरी हे कराच.

मेल येतच नाहीत, मग?

सेटिंग केल्यावर लोक स्वतःच एक कमेंट टाकून टेस्ट करतात, मेल येत नाही, मग सगळं परत चालू करतात. अहो, स्वतःच्या बदलाचा मेल आत्ताच तुम्ही बंद केलात! टेस्ट नेहमी शेजारच्याकडून करून घ्या. त्यानेही नाही आला तर तो बग तुम्हाला उघडता येतोय का बघा, सिक्युरिटी ग्रुपमधला असेल आणि तुम्ही त्या ग्रुपमध्ये नसाल तर बगझिला मेल पाठवत नाही, आणि तसंच हवं. गिटहबवर कंपनीनुसार वेगळ्या पत्त्यावर मेल पाठवायची सोय आहे, तिथे जुना पत्ता राहिलाय का तपासा. अ‍ॅडमिन असाल तर बगझिलाच्या युजर पानावर त्या युजरचं बगमेल बंद करून ठेवलंय का ते बघा, आणि कोणालाच मेल जात नसतील तर मेलर क्यू (मेल रांगेत लावून पाठवायची सोय) चालू आहे पण जॉबक्यूचा डेमन (ती रांग मागे राहून उपसणारा प्रोग्राम) बंद पडलाय हे सगळ्यात आधी तपासा, सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि डेमन परत उठलाच नाही असं होतं. अशा वेळी मेल हरवत नाहीत, डेटाबेसमध्ये थांबून राहतात, त्यामुळे डेमन चालू करण्याआधी टीमला सांगून ठेवा की तुंबलेलं सगळं आता एकदम येणार आहे.