सोसायटीचं दफ्तर गहाळ झालंय? कपाट रिकामं करण्याआधी हे वाचा

आमच्या २८ फ्लॅटच्या सोसायटीत सेक्रेटरी व्हायला कोणीच तयार नव्हतं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं, आणि चार्ज म्हणून मिळालं काय तर एक लोखंडी कपाट, दोन कापडी पिशव्या आणि मीटर रूममधला एक ओलसर खोका. आय रजिस्टर (सभासदांची नोंदवही) गायब, मिनिट बुकं दोनच, त्यातलं एक अर्धं. पहिल्याच रविवारी मी जी माती खाल्ली ती तुम्ही खाऊ नका म्हणून हे लिहितोय.

मी सगळं हॉलमध्ये पसरलं आणि दिवसभर बसून आधी वर्षाप्रमाणे, मग फ्लॅटप्रमाणे लावून टाकलं. दिसायला छान. नंतर लक्षात आलं की आधीचे सेक्रेटरी काका एका कामाचे सगळे कागद एकत्र टोचून ठेवायचे, म्हणजे गळतीची तक्रार, तीन कोटेशनं, कमिटीचा ठराव, बिल आणि चेकची काउंटर फॉइल असा एकच गठ्ठा, आणि मी टाचण्या काढून त्याचे पाच तुकडे केले होते. आता बिल हातात आहे पण ते कुठल्या ठरावावर दिलं ते सांगता येईना. काका हयात नाहीत, विचारणार कोणाला.

पहिलं काम: हात न लावता बघणं

कपाटाचे, प्रत्येक कप्प्याचे फोटो काढा. कप्प्यांना क, ख, ग अशी नावं द्या, फाईलींना पेन्सिलने क-१, क-२ असे नंबर द्या आणि एका वहीत लिहा की क-१ मध्ये काय आहे, अंदाजे कुठल्या वर्षांचं आहे, अक्षर कोणाचं आहे. अक्षर महत्त्वाचं आहे हं, कारण अक्षर बदललं की बहुतेक वेळा कमिटी बदललेली असते आणि कमिटी बदलली की पद्धत बदलते. फाईलींचा क्रम मोडू नका, कितीही वेडावाकडा वाटला तरी.

कागद ओले असतील (२६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत तळमजल्यावरच्या किती ऑफिसांचं दफ्तर गेलं असेल) तर उन्हात टाकू नका, इस्त्री तर अजिबात नको. मध्ये कोरे पांढरे कागद घालून पंख्याखाली वाळवा, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते.

मग कागद कसा फिरायचा ते शोधा

कागदांवरच्या बारीकसारीक खुणा बघत जा. पत्रावर जा.क्र. म्हणजे जावक क्रमांक असेल तर जावक रजिस्टर होतं. आलेल्या पत्राच्या कोपऱ्यात तारखेचा शिक्का आणि नंबर असेल तर आवक रजिस्टर होतं. कॅशबुकात खा.पा. म्हणजे खाते पानाचा रकाना असतो (ती नोंद खतावणीच्या, म्हणजे लेजरच्या, कुठल्या पानावर गेली ते), तो नीट बघा. आमच्या कॅशबुकात खाते पान १८० पर्यंत जात होतं आणि हातातली खतावणी होती ९६ पानांची, म्हणजे दुसरी खतावणी कुठेतरी होती हे नक्की (ती खजिनदारांच्या माळ्यावर सापडली, लग्नाच्या आल्बमखाली). व्हाउचरचे नंबरही ओळीने मांडा, मधले नंबर कुठे तुटतात ते लगेच दिसतं.

एका मोठ्या कागदावर डाव्या बाजूला रजिस्टरांची नावं, वर वर्षं, असा तक्ता करा आणि जे हातात आहे त्या चौकोनात बरोबरची खूण. जे नसेल, ते होतं पण हरवलं की कधी ठेवलंच नाही, हे वेगळं लिहा. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. आमच्याकडे नॉमिनेशनचं रजिस्टर कोणी कधी केलंच नव्हतं, ते शोधण्यात मी दोन आठवडे घालवले.

काय काय असायला हवं

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि त्याखालचे १९६१ चे नियम. त्यात नमुना आय म्हणजे सभासदांची नोंदवही आणि नमुना जे म्हणजे सभासदांची यादी. याशिवाय शेअर रजिस्टर, नॉमिनेशन, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा निधी), गुंतवणूक, मालमत्ता, सर्वसाधारण सभेचं आणि कमिटीचं वेगवेगळं मिनिट बुक, ऑडिट रिपोर्ट. यातलं आय सगळ्यात आधी, कारण कोण कधी सभासद झालं याचा तो कलम ३८ प्रमाणे प्रथमदर्शनी पुरावा धरतात.

हरवलेलं परत कसं जमवायचं

सोसायटीत नसलेला कागद बाहेर कोणाकडे तरी असतो. सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात नोंदणीची फाईल असते, मंजूर उपविधी (बायलॉज), सुरुवातीच्या सभासदांची यादी, पाठवलेले ऑडिट रिपोर्ट वगैरे. सोसायटीच्या लेटरहेडवर नकला मागा, दाद नाही मिळाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, नक्कल पानाला २ रुपये. जुन्या ऑडिटरना भेटा, त्यांच्याकडे ताळेबंदाची प्रत मिळू शकते. फ्लॅट कोणी कोणाला विकला ते इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा सरकारी उतारा) वरून कळतं, प्लॅन महापालिकेत, प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हेत.

पण खरा खजिना लोकांच्या घरी आहे, शेअर सर्टिफिकेट. दोन्ही बाजूंची झेरॉक्स मागा, मागच्या बाजूला ट्रान्सफरचे रकाने असतात, कुठल्या तारखेच्या सभेत मंजूर झालं आणि रजिस्टरात नंबर काय ते तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे हरवलेल्या मिनिट बुकातल्या सभांच्या तारखा इथून मिळतात! पुढच्या बाजूचे शेअरचे अनुक्रमांकही बघा. प्रत्येकाला ५० रुपयांचे ५ शेअर दिले असतील तर १४ नंबरच्या सर्टिफिकेटवर ६६ ते ७० यायला पाहिजे. येत नसेल तर मध्ये कोणाला तरी कमीजास्त दिलेत किंवा एखादं रद्द झालंय, ते शोधा.

लोक सर्टिफिकेट द्यायला घाबरतात. मूळ मागू नका, त्यांच्याच घरी जाऊन मोबाईलवर फोटो काढा, चहा पण मिळतो. आणि जुनी कमिटी दफ्तर दाबून बसली असेल तर आधी लेखी मागणी, मग त्याच अधिनियमाच्या कलम ८० खाली उपनिबंधकांकडे अर्ज. हरवलं असेल तर पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करा, त्याची प्रत फाईलला लावा.

नवीन रजिस्टर लिहिताना

इथे बऱ्याच कमिट्या घोटाळा करतात. नवीन छापील रजिस्टर आणायचं (जिल्हा हौसिंग फेडरेशनकडे मिळतं) आणि एका रात्रीत एकाच पेनाने तीस वर्षांच्या नोंदी जुन्या तारखा टाकून भरायच्या, वर कोणाच्या तरी सह्या. हे कोणालाही कळतं, वकिलाला तर पहिल्या पानावरच कळतं, आणि मग खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा पहिल्या पानावर सरळ लिहा की मूळ रजिस्टर उपलब्ध नसल्याने हे अमुक तारखेला, अमुक ठरावाने पुन्हा तयार केलं आहे, आणि प्रत्येक नोंदीपुढे आधार लिहा: शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, ऑडिट रिपोर्टमधली यादी, जे असेल ते. सह्या आजच्या तारखेच्या. दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही तारखा लिहा, आपण न्यायाधीश व्हायचं नाही. आमच्या दोन फ्लॅटच्या नोंदी अजून अर्ध्या रिकाम्या आहेत आणि राहू देत.

मसुदा नोटीस बोर्डवर लावून हरकती मागवा, मगच सर्वसाधारण सभेत ठेवा. आमच्याकडे सात हरकती आल्या, त्यातल्या पाच नावाच्या स्पेलिंगच्या, एक पार्किंगची (पार्किंग नसेल तर ती सोसायटीच कसली) आणि एक खरी, त्यात एका बाईंचं जॉइंट नाव आम्ही चक्क सोडलं होतं.

चार्ज देताना

वहीतल्या त्याच क-१, क-२ नंबरांची यादी टाईप करा, देणारा आणि घेणारा दोघांच्या पानापानावर सह्या, एक प्रत खजिनदारांकडे. स्कॅन करून ठेवा पण फक्त सेक्रेटरीच्या मोबाईलवर नाही, सोसायटीच्या नावाच्या ईमेलवर. जुनी व्हाउचरं रद्दीत घालायची घाई नको, ऑडिटरना लेखी विचारा. आणि मीटर रूममध्ये खोका परत ठेवू नका, आमच्याकडे तिथे आता चौकीदाराच्या चपला असतात.