इनोव्हा क्रिस्टाला थ्रॉटल कंट्रोलर घरच्या घरी कसा बसवायचा

क्रिस्टा डिझेलवाल्यांची एक तक्रार कायम ऐकू येते, एक्सलेटर दाबला तरी गाडी लगेच उचलत नाही, घाटात दुसऱ्या गिअरमधून ओव्हरटेक काढायचा म्हटलं की पाय खाली जातो आणि गाडी थोडा विचार करून मग निघते. त्यावर कोणीतरी सांगतं थ्रॉटल कंट्रोलर टाक, पिकअप वाढेल. मग ऑनलाइन मागवला, बॉक्स घरी आला, आणि पेडलच्या वर हात घालून कपलर (वायरचा जोड) ओढायला सुरुवात. काम खरंच सोपंय, अर्ध्या तासाचं पण नाही, पण ते ब्रेकच्या शेजारी चालतं आणि इंजिनला किती जोर द्यायचा हे ठरवणाऱ्या वायरवर चालतं, म्हणून नीट समजून करा.

आधी हा डबा करतो काय ते. जुन्या ओम्नीला पेडलपासून इंजिनपर्यंत केबल जायची, पाय दाबला की केबल ओढली जायची, बास. क्रिस्टामध्ये तशी केबल नाहीच. पेडलच्या डोक्यावर सेन्सर आहे, तो पाय किती दाबला हे व्होल्टेजमध्ये ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सांगतो आणि डिझेल किती मारायचं हे ईसीएम ठरवतो. कंपनी सुरुवातीच्या दाबाला मुद्दाम थोडी सुस्ती ठेवते, म्हणजे गाडी झटके देत नाही, धूर आणि डिझेल दोन्ही कमी जातं. थ्रॉटल कंट्रोलर सेन्सर आणि ईसीएमच्या मध्ये बसतो आणि सिग्नल वाढवून पुढे पाठवतो. समजा तुम्ही २० टक्के दाबला तर ईसीएमला तो ३५ टक्के दाखवतो (डब्याला नॉर्मल, स्पोर्ट असे मोड असतात, त्याप्रमाणे हा आकडा बदलतो). पण १०० टक्के दाबला तर १००च जातात, त्याच्या वर काही जागाच नाही.

म्हणून पॉवर वाढत नाही. २.४ लिटर मॅन्युअल क्रिस्टा १५० पीएस पॉवर आणि ३४३ एनएम टॉर्क (ओढायचा जोर) देते, कंट्रोलर टाकल्यावर पण तेवढंच देणार, पेडल तळाला टेकवून शर्यत लावली तर फरक शून्य. टर्बो लॅग, म्हणजे टर्बो जोरात येईपर्यंतचा उशीर, तो पण जात नाही, कारण टर्बोला फिरायला एक्झॉस्टचा गॅस लागतो आणि तो आरपीएम चढल्यावरच मिळतो. या इंजिनचा पूर्ण टॉर्क १४०० आरपीएमपासून मिळतो, त्याच्या खाली तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रडत असेल तर उपाय गिअर खाली टाकणं हाच आहे. फरक जाणवतो तो अर्ध्या दाबापर्यंतच्या चालवण्यात, सिग्नलवरून निघताना, ट्रकच्या मागून बाहेर येताना, भरलेली गाडी चढावर हलवताना. मला स्वतःला हा फरक आवडतो, लांबच्या प्रवासात उजव्या पायाची नडगी कमी दुखते, पण ज्याला पॉवर हवीय त्याने यावर पैसे घालू नयेत.

पैसे घालायच्या आधी फुकटच्या गोष्टी बघून घ्या. पहिली म्हणजे मॅट. त्या जाड लेदरच्या मॅट असतात ना, त्या पेडलच्या खाली एवढ्या फुगतात की एक्सलेटर तळापर्यंत जातच नाही, आणि मालक म्हणतो गाडीला दम नाही. मॅट काढून एकदा चालवून बघा. दुसरं, तुमच्या व्हेरियंटला ईको आणि पॉवर मोडची बटणं असतील तर ईको चुकून चालू राहिलंय का बघा, ईकोमध्ये पेडल अजून सुस्त होतं, आणि पॉवर मोड कंट्रोलरचं अर्धं काम आधीच करतो. तिसरं, एअर फिल्टर आणि टर्बोचे होस (रबरी पाइप). पिकअप पूर्वी चांगला होता आणि हल्ली गेला असं असेल तर तो आजार आहे, त्याचं कारण शोधा, कंट्रोलर टाकून आजार झाकू नका, होस फाटलेला असेल तर तो फाटलेलाच राहणार.

आता बॉक्स निवडताना. बाजारात बाहेरच्या देशातले नावाजलेले आहेत आणि बिननावाचे पण ढिगाने आहेत. माझं मत सरळ आहे, गाडीचं मॉडेल आणि वर्ष विचारून देतो तोच घ्या, सगळ्या गाड्यांना एकच बॉक्स चालतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. कारण सांगतो. पेडलमध्ये एक नाही दोन सेन्सर असतात, सुरक्षेसाठी, आणि ईसीएम दोघांचं कायम जुळवून बघत असतो. टोयोटामध्ये दोन्ही सिग्नल बरोबरीने वर जातात, पाय काढलेला असताना पहिला साधारण ०.८ व्होल्ट आणि दुसरा साधारण १.६ व्होल्ट, आणि दाबत गेलात तरी मधलं अंतर तेवढंच राहतं. दुसऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये दुसरा सिग्नल पहिल्याच्या बरोबर निम्मा असतो. म्हणजे कपलर सारखा दिसला, सहा पिना मोजून जुळल्या, तरी आतलं गणित वेगळं असू शकतं. ते चुकलं की ईसीएम म्हणणार सेन्सर खोटं बोलतोय, चेक लाइट लावणार आणि गाडी लिम्प मोडमध्ये टाकणार, म्हणजे कितीही दाबा गाडी रांगतच चालणार. हे भर कशेडी घाटात, समोरून एसटी येत असताना झालं तर काय होईल याचा विचार करून खरेदी करा.

सामान फार लागत नाही. टॉर्च, केबल टाय, कापडी चिकटपट्टी (वायरिंगवाले वापरतात ती, साधी प्लास्टिकची उन्हात सुटते), दहा नंबरचा पाना किंवा रॅचेट, आणि जमलं तर एक स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावला की ईसीएमचे आकडे आणि एरर कोड मोबाइलच्या ॲपमध्ये दाखवतो). स्कॅनर घ्याच असं मी म्हणेन, का ते पुढे येतंय.

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा. स्कॅनर असेल तर बसवण्याआधीच एक काम करा, इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि ॲपमध्ये एक्सलेटर पेडल पोझिशन डी आणि ई (पेडलमधले तेच दोन सेन्सर) हे दोन आकडे लाइव्ह लावा. पाय काढलेला असताना टोयोटात साधारण १६ आणि ३२ टक्क्यांच्या आसपास दिसतील. पाय अर्धा दाबून, मग पूर्ण दाबून दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. हा तुमच्या गाडीचा मूळ हिशोब, बसवल्यावर याच्याशीच ताडून बघायचंय.

मग ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे, काच खाली, मॅट बाहेर, इग्निशन बंद. चावी काढा, पुश बटणवाली गाडी असेल तर चावी घरात नेऊन ठेवा. आता किमान दहा मिनिटं थांबायचं. हे थांबणं लोक टाळतात आणि इथेच गडबड होते. इग्निशन बंद केलं की ईसीएम लगेच झोपत नाही, काही वेळ जागा असतो, आणि त्या वेळात पेडलचा कपलर काढला तर त्याला वाटतं सेन्सरची वायर तुटली. मग पी२१२२, पी२१२७, पी२१३८ असले एरर कोड बसतात आणि माणूस बॉक्सला शिव्या देत बसतो, बॉक्सचा काही दोष नसतो. बॅटरी काढायची गरज नाही, उगाच घड्याळ आणि काचेचं ऑटो सेटिंग परत करत बसावं लागतं.

दहा मिनिटं झाली की खाली वाका, एक्सलेटरच्या दांड्याच्या वरच्या टोकाला काळा प्लास्टिकचा भाग दिसेल, त्यात घुसलेला कपलर म्हणजे आपल्याला हवा तो. कपलरला लॉकची जीभ असते, ती अंगठ्याने दाबून धरायची आणि कपलरचं अंग पकडून सरळ मागे ओढायचं. वायर धरून अजिबात ओढू नका. काही कपलरला जिभेच्या वर अजून एक छोटी सरकती खिट्टी असते, ती आधी मागे सरकवावी लागते, नाहीतर जीभ दाबलीच जात नाही आणि माणूस जोर लावून ती मोडतो. जागा अडचणीची वाटली, हात नीट पोचत नसेल तर पेडलचा अख्खा युनिट सहसा दोन-तीन नटांवर असतो, नट काढून युनिट हातात घ्या आणि उजेडात काम करा. परत लावताना नट घट्ट बसलेत का दोनदा बघा.

आता कंट्रोलरच्या वायरची एक बाजू पेडलमध्ये आणि दुसरी बाजू गाडीच्या कपलरमध्ये. दोन्हीकडे टक असा आवाज यायलाच पाहिजे, आणि आवाज आला तरी हलकं ओढून बघा. कपलर उलटा जात नाही, जात नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा. पिनांवर तेलकट स्प्रे वगैरे मारू नका, चिखल गेला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण सुकू द्या.

यानंतरचं काम सगळ्यात जास्त वेळ देऊन करायचं, ते म्हणजे वायर बांधणं. पायाजवळ तीन पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा एवढ्या हलणाऱ्या गोष्टी आहेत. लटकलेली वायर ब्रेकच्या मागे गेली किंवा स्टिअरिंगच्या सांध्यात गुंडाळली तर अपघातच. म्हणून वायर गाडीच्या मूळ वायरिंगच्या सोबत वर न्या, दर चार-पाच बोटांवर केबल टाय मारा, टायची शेपटी कापा, कापलेलं टोक धारदार राहतं म्हणून ते पायाच्या बाजूला येऊ देऊ नका. जास्तीची वायर गुंडाळून वर डॅशबोर्डच्या आत बांधा, भोवती कापडी पट्टी, म्हणजे खडखडणार नाही. आणि क्रिस्टाला ड्रायव्हरच्या गुडघ्यासाठी पण एअरबॅग आहे हे लक्षात ठेवा, स्टिअरिंगच्या खालच्या त्या पॅनलवरून वायर नेऊ नका आणि त्यावर मोड बदलायचा डबा पण चिकटवू नका. डबा चिकटवायला स्टिअरिंगच्या बाजूची सपाट जागा बघा, आधी स्पिरिटने पुसून घ्या, डॅशबोर्ड पॉलिश मारलेल्या जागेवर डबल टेप एका उन्हाळ्यात सुटते.

सगळं झालं की चालू करायच्या आधी हाताने क्लच, ब्रेक, एक्सलेटर तिन्ही तळापर्यंत दाबा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, आणि टॉर्च धरून बघा वायर कुठे अडते का. एक्सलेटर सोडल्यावर झटकन वर आला पाहिजे.

मग इग्निशन ऑन करा, इंजिन नाही. बऱ्याच बॉक्सना पहिल्यांदा कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे पेडल पूर्ण दाबून सोडायचं, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी असते म्हणून सोबतचा कागद वाचूनच करा. नंतर स्कॅनर लावा आणि मगाचे आकडे परत बघा. नॉर्मल मोडमध्ये सगळे आकडे जवळपास मूळचेच आले पाहिजेत. स्पोर्ट मोडमध्ये पाय काढलेला असताना आकडा मूळचाच, पूर्ण दाबल्यावर पण मूळचाच, फक्त मधला वाढलेला दिसला पाहिजे, आणि डी आणि ई मधलं अंतर सगळीकडे सारखं राहिलं पाहिजे. पाय काढलेला असताना जर आकडा वाढून दिसत असेल तर बॉक्स तिथेच काढा आणि परत पाठवा, कारण तुमचा पाय पेडलवर नसताना ईसीएमला तो दाबल्यासारखा वाटतोय, अशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

आकडे बरोबर असतील तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा, आयडल (पाय काढलेला असताना इंजिनचा वेग) स्थिर आहे का, चेक लाइट गेली का बघा. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, नॉर्मल मोडमध्ये. मग एक-एक पायरी वर. सगळ्यात वरचा मोड पहिल्या दिवशी लावू नका, पायाला जुनी सवय असते, तेवढाच दाब दिला की गाडी उसळते आणि पुढे उभ्या बाइकवाल्याला धडक बसते. शहरात मधला मोड पुरे होतो. पार्किंगमध्ये, रिव्हर्स घेताना, आणि पावसाळ्यात ताम्हिणीसारख्या घाटात रस्ता ओला आणि शेवाळलेला असताना नॉर्मल किंवा ईको, तिथे पेडल जितकं मऊ तितकं चांगलं, क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते हे विसरू नका. घरात दुसरं कोणी गाडी चालवत असेल, बायको, मुलगा, ड्रायव्हरकाका, तर त्यांना चावी देण्याआधी हे सांगा आणि मोड खाली आणून द्या. ॲव्हरेजचं म्हणाल तर बॉक्स स्वतः डिझेल पीत नाही, पण पाय पूर्वीइतकाच खाली ठेवलात तर गाडी जास्त पिणारच, कारण प्रत्यक्षात तुम्ही जास्त दाबलाय असंच इंजिनला वाटतंय.

कागदपत्रांचं पण बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई आहे, या बॉक्सने इंजिन, इंधन, सीट यातलं काही बदलत नाही, पण वॉरंटीची गोष्ट वेगळी. वॉरंटीतल्या गाडीत वायरिंगचा किंवा ईसीएमचा प्रॉब्लेम आला तर सर्व्हिस सेंटर आधी याच बॉक्सकडे बोट दाखवणार. मूळ वायर कुठेही कापायची नाही हा नियम पाळलात तर बॉक्स काढून गाडी होती तशी करता येते. कापून जोडायला सांगणारा बॉक्स कितीही स्वस्त असो, घेऊ नका. विमा कंपनीला एक ईमेल टाकून ठेवा, उत्तर जपून ठेवा.

चालवताना कधी चेक लाइट लागून गाडी रांगायला लागली तर घाबरून पाय दाबत राहू नका, इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, हॅझर्ड लावा, इंजिन बंद करा. दहा मिनिटं थांबून बॉक्स काढा, मूळ कपलर थेट पेडलमध्ये लावा आणि परत चालू करा. गाडी नीट चालली तर दोष बॉक्समध्ये किंवा त्याच्या कपलरमध्ये. तशीच रांगत राहिली तर दोष गाडीत आहे, कोड वाचून मेकॅनिककडे जा.