पीएसएमचा ग्रुप प्रोजेक्ट: बॅच वस्तीत जायच्या आधी मार्कांची तयारी

पीएसएम म्हणजे एमबीबीएसमधला प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचा विषय, त्याच्या ग्रुप प्रोजेक्टसाठी मुलं वस्तीत घरोघर सर्व्हे करतात. सगळ्यात आधी हे ठरवा की मार्क नक्की कशाचे देणार, आणि बॅच वस्तीत उतरायच्या आधी ते कागदावर आणून नोटीस बोर्डवर आणि बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन्हीकडे टाका. नंतर ठरवू म्हटलं की काय होतं, शेवटच्या दिवशी पीपीटी दिसते, टाय लावून फाडफाड इंग्रजी बोलणारा दिसतो, आणि मूसाखेडीच्या गल्ल्यांमधून उन्हात घरोघर फिरून फॉर्म भरून आणणारी मुलगी मागच्या बाकावर गप्प बसलेली असते, तिचं काम कुठेच दिसत नाही. आमच्या इंदूरकडे हे जरा जास्तच होतं, कारण बॅचमध्ये झाबुआ, धार, बडवानीची मुलं असतात, त्यातल्या कोणाला निमाडी येते, कोणाला भिली, मजुरीला आलेल्या बाया त्यांच्याशीच मोकळं बोलतात, म्हणजे डेटाची खरी मदार त्यांच्यावर, आणि मार्क मात्र माइक ज्याच्या हातात त्याला. तेव्हा प्रेझेंटेशनला कमी मार्क ठेवा, अगदी कमी.

मी सुचवेन तो हिशोब असा. समजा प्रोजेक्ट 20 मार्कांचा आहे, तर 12 ग्रुपचे आणि 8 ज्याचे त्याचे. ग्रुपच्या 12 मध्ये डेटा किती नीट आहे त्याचे 5, रिपोर्टचे 5, प्रेझेंटेशनचे फक्त 2. वैयक्तिक 8 मध्ये व्हायवा (तोंडी परीक्षा) 5 आणि फील्ड डायरी 3. एवढ्याशा मार्कांचं काय घेऊन बसलात असं म्हणणारे सीनियर भेटतीलच, त्यांना शांतपणे आठवण करून द्या की कॉलेजच्या इंटरनलमध्ये थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळे किमान 40 टक्के आणि दोन्ही मिळून 50 टक्के नसतील तर मुलाला युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसता येत नाही. काठावरच्या मुलासाठी हे दोन-तीन मार्क म्हणजे परीक्षा किंवा घर. आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेल्याला तेच दोन-तीन मार्क फुकट मिळाले तर बाकीच्यांनी का राबायचं?

ग्रुप पाच जणांचे करा, फार तर सहा. दहा-दहा जणांचे केले की गाइड कमी लागतात हे खरं, पण मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-इंजिनिअरने 1913 मध्येच छापलं होतं की दोरी ओढणारी माणसं वाढत गेली की प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. पुढे 1981 मध्ये विल्यम्स, हार्किन्स आणि लाताने यांनी लोकांना ओरडायला लावून प्रयोग केले, त्यात दिसलं की माझा आवाज वेगळा मोजला जातोय असं वाटलं की माणूस ग्रुपमध्येही पूर्ण जोर लावतो. आपल्या कामाचं एवढंच सूत्र धरा, प्रत्येकाचं काम वेगळं ओळखू आलं पाहिजे. ग्रुप मुलांना स्वतः करू देऊ नका, नाहीतर एका हॉस्टेलच्या एका मजल्याचा ग्रुप होतो, आणि रोल नंबरप्रमाणे करायचे असतील तर प्रत्येक ग्रुपमध्ये स्थानिक बोली येणारं कोणीतरी आहे ना तेवढं बघून घ्या. एकटी मुलगी आणि चार मुलं असा ग्रुपही टाळा, संध्याकाळच्या व्हिजिटला तीच गळते आणि मग डायरीत तिचे दिवस कमी दिसतात.

तारखा कॅलेंडर समोर ठेवून ठरवा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याकडे कोणाचंच काही चालत नाही, आणि अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या (सजवलेले देखावे) रात्रभर चालतात, दुसऱ्या दिवशी सकाळी सबमिशन ठेवलं तर रिपोर्ट कसा येईल ते सांगायला नको. मे महिन्यात दुपारची व्हिजिट देऊ नका, घरं बंद असतात आणि उगाच ऊन लागतं. वस्तीतल्या आशा दीदीला आधी फोन करून ठेवा, ती सोबत असली की दारं उघडतात.

आता पुराव्याची तयारी, इथे जरा वेळ द्या. प्रत्येकाची स्वतःची फील्ड डायरी पाहिजे, तारीख, गल्ली, किती घरं केली, किती बंद होती, कोणी नाही म्हटलं, सोबत कोण होतं, बस एवढंच, निबंध नको. दर आठवड्याला गाइडची सही, शेवटी एकदम नाही, नाहीतर आदल्या रात्री एकाच पेनाने सगळ्या डायऱ्या लिहिल्या जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. सर्व्हे गूगल फॉर्मवर असेल तर प्रत्येक फॉर्मवर भरणाऱ्याचा रोल नंबर टाकायला लावा आणि वेळेचा कॉलम तपासा, सात-आठ घरांचे फॉर्म पाच मिनिटांत आलेले दिसले तर ते हॉस्टेलच्या खोलीत बसून भरलेत का ते विचारावं लागेल. विचारा बरं का, लगेच शून्य देऊ नका, नेटवर्क नसलं की मुलं कागदावर लिहून आणतात आणि रात्री एकदम चढवतात, पण मग ते कागद दाखवता आले पाहिजेत. रिपोर्ट शेअर केलेल्या गूगल डॉकमध्येच लिहायला सांगा, त्यात जुने व्हर्जन उघडून कोणी काय लिहिलं ते दिसतं, मात्र त्यावरच सगळं सोडू नका, तिघं बसून बोलतात आणि टाइप एकच करतो असंही होतं. आणि ही सगळी हजेरी तपासताना वस्तीतल्या लोकांच्या घरांचे, आजारी माणसांचे फोटो पुरावा म्हणून मागू नका, आपल्या मार्कांसाठी त्यांची अब्रू कशाला.

मग येतो एकमेकांना मार्क देण्याचा फॉर्म. प्रत्येकाने स्वतःला सोडून बाकी चौघांत 100 पॉइंट वाटायचे, आणि जास्त किंवा कमी दिले तर एक ओळ कारण. पाच जणांत सरासरी प्रत्येकाला 100 च येतात, म्हणून कोणाला 120 मिळाले तर त्याचा गुणक 1.2, कोणाला 60 तर 0.6. काही जण ग्रुपच्या पूर्ण मार्कांना हा गुणक लावतात, मला ते पटत नाही, पाचामुखी परमेश्वर म्हणतात पण पाचांतले चार जण एकत्र मेसमध्ये जेवणारे असले तर परमेश्वरही त्यांच्याच टेबलावर बसतो. म्हणून निम्मे मार्क पक्के ठेवा आणि निम्म्यांनाच गुणक लावा. ग्रुपला 12 पैकी 10 मिळाले असतील तर 5 सगळ्यांचे, उरलेल्या 5 ला गुणायचं, म्हणजे 120 वाल्याला 11 आणि 60 वाल्याला 8. कोणाचे 12 च्या वर गेले तर 12 वर थांबवायचे. एक बारीक गोष्ट, ती एक्सेल शीट बनवतानाच घालून ठेवा: पाचातल्या एकाने फॉर्म भरलाच नाही तर उरलेल्या चौघांना तिघांकडूनच पॉइंट मिळतात, सरासरी 75 वर येते, आणि फॉर्म न भरणाऱ्याचे मात्र 100 शाबूत, म्हणजे कामचुकाराचाच फायदा. त्या चौघांचे पॉइंट 4 ने गुणून 3 ने भागायचे, मग हिशोब सरळ होतो. फॉर्म गुप्त ठेवा, कोणी किती दिले ते मुलांना कळलं की पुढच्या वर्षीपासून सगळे 25-25-25-25 लिहून मोकळे. आणि असा सारखा वाटा आला तर वेळ असेल तेव्हा डायऱ्यांशी ताडून बघा, कधी खरंच सगळ्यांनी सारखं केलेलं असतं.

फॉर्म एकदा मध्यावरही भरून घ्या, त्याचे मार्क धरायचे नाहीत. ज्याला कमी पॉइंट आले त्याला गाइडने बाजूला घेऊन विचारायचं, काय रे बाबा, घरी काही आहे का, तब्येत बरी आहे ना. डेंगी होऊन पडलेल्या मुलाला आणि गायब राहणाऱ्या मुलाला एकाच मापाने मोजायचं नसेल तर हे मध्येच कळलं पाहिजे, आणि आजारपणात घरी बसून करता येईल असं काम, डेटा क्लीनिंग वगैरे, त्याला द्यायचं.

रिपोर्ट तपासणारे दोघं असू देत आणि दोघांनी वेगवेगळं तपासावं, पण त्याच्या आधी मागच्या बॅचचा एखादा रिपोर्ट नाव झाकून दोघांनी तपासा आणि मग चहा घेता घेता बोला, तुम्ही 4 का दिले, मी 2 का. दोघांत दोनाहून जास्त फरक पडला तर तिसऱ्याला दाखवायचं, सरासरी काढून मिटवायचं नाही. ज्या गाइडने तो ग्रुप सांभाळला त्याने त्याच ग्रुपचा रिपोर्ट तपासू नये, आपलं बाळ सगळ्यांनाच गोरं दिसतं. डिपार्टमेंटमध्ये माणसं कमी असतील तर गाइडांची अदलाबदल करा, पीजींना (एमडी करणाऱ्यांना) मदतीला घ्या पण सही फॅकल्टीचीच.

व्हायवाला प्रत्येकी पाच मिनिटं धरा आणि प्रश्न त्यांच्याच प्रोजेक्टमधले, पाठांतराचे नकोत. कुप्पुस्वामी स्केल का लावला, प्रसाद का नाही? (दोन्ही कुटुंबाची सामाजिक-आर्थिक पातळी मोजायचे स्केल, कुप्पुस्वामी शहरी कुटुंबांचा, त्यात घरच्या कर्त्याचं शिक्षण, धंदा आणि कुटुंबाचं उत्पन्न येतं, आणि उत्पन्नाचे आकडे महागाईप्रमाणे बदलावे लागतात, कुठल्या सालचे घेतले ते विचारा.) बंद घरांकडे परत कधी गेलात? कोणी दार लावून घेतलं तेव्हा काय केलं? जो फिरला नाही तो इथे दोन वाक्यांत उघडा पडतो, आणि जी पीपीटीला बोलली नाही ती इथे भडाभडा बोलते. भाषा हवी ती, हिंदीत बोलू दे. 2022 च्या ऑक्टोबरात भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं आलीत, मग व्हायवात हिंदी ऐकून तोंड वाकडं करायचं काही कारण नाही. इंग्रजीचे मार्क कागदावर नाहीत तर मनातही नकोत.

शेवटी निकाल लावताना मुलाला एक आकडा देऊ नका, डेटा, रिपोर्ट, प्रेझेंटेशन, गुणक, डायरी, व्हायवा असे सगळे तुकडे दिसू देत. तक्रारीला एक आठवडा, अर्ज लेखी, एचओडी (विभागप्रमुख) आणि बाहेरच्या डिपार्टमेंटचे एक जण बघतील, आणि अर्ज केला म्हणून मार्क कमी होणार नाहीत हे नोटिशीत स्पष्ट लिहा. डायऱ्या आणि फॉर्म त्या बॅचची युनिव्हर्सिटी परीक्षा होईपर्यंत कपाटात कुलूप लावून, आणि किल्ली कोणाकडे आहे तेही त्याच नोटिशीत.