वायफाय ड्रायव्हर आणि स्पेक्ट्रमचे नियम: या चुका टाळा

लिनक्सचा वायफाय ड्रायव्हर तपासायला आला की मी आधी त्यात देशकोड शोधतो. आत देशांचा घरगुती तक्ता सापडला की पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतंच. कुठल्या देशात कुठली वारंवारता, किती शक्ती, हा हिशोब सीएफजी८०२११ (लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला वायफायचा भाग) वायरलेस-रेगडीबी या देशवार नियमांच्या डेटाबेसच्या आधारे ठेवतो. तो डेटाबेस सुधारत राहतो, तुमचा तक्ता मात्र आहे तिथेच राहतो. ड्रायव्हरची कामं दोनच: हार्डवेअरला काय जमतं ते वर कर्नलला सांगायचं आणि वरून आलेला नियम फर्मवेअरपर्यंत (वायफाय चिपमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत) पोचवायचा.

हे दुसरं काम बहुतेकजण अर्धवट सोडतात. एका टीमची तक्रार होती: डिव्हाइस झोपेतून उठलं की चॅनल १३ वरचं नेटवर्क गायब, रीबूट केलं की हजर. बरेच दिवस बिचाऱ्या अँटेनावर खापर फुटत होतं. 'आयडब्ल्यू रेग गेट' ही कमांड देश बरोबर दाखवत होती. 'आयडब्ल्यू लिस्ट'मध्ये २४७२ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे चॅनल १३ च्या ओळीत 'डिसेबल्ड' नव्हतं. तरी स्कॅन कोरा! देशकोड फक्त रेग नोटिफायरमधूनच (नियम बदलला की कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो त्यातूनच) खाली जात होता. उठताना फर्मवेअर नव्याने लोड व्हायचं आणि ईईप्रॉममधला (कार्डावरच्या कायमच्या मेमरीतला) मूळ देश धरायचं, जिथे चॅनल ११ पर्यंतच. कर्नलच्या लेखी काहीच बदललेलं नाही, मग नोटिफायरला हाक मारणार कोण? इथे निदान नेटवर्क दिसेना म्हणून बोंब तरी झाली. मूळ देश जास्त ढिला असता तर डिव्हाइस बंदी असलेल्या चॅनलवर बीकन (नेटवर्कची हजेरी सांगणारे संदेश) टाकत बसलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

माझी सवय अशी: नियम खाली पाठवणारं फंक्शन एकच. नोटिफायर फक्त नवा देश साठवतो आणि ते फंक्शन बोलावतो. फर्मवेअर सुरू करणारा कोडही शेवटी तेच बोलावतो. मग मी फर्मवेअर मुद्दाम क्रॅश करतो आणि स्कॅन बघतो. बूट झालं, नेट चाललं, पॅच पाठवला, असं करणाऱ्यांना ही पायरी नेहमीच जास्तीची वाटते.

दुसरं दुखणं 'नो आयआर'चं. देश माहीत नसला की कर्नल '००' हे जागतिक डोमेन लावतो. त्यात १२, १३ आणि ५ गिगाहर्ट्झचे चॅनल 'नो आयआर' असतात, म्हणजे ऐका, पण आपणहून प्रसारण सुरू करू नका. नवशिक्याचा ॲक्सेस पॉइंट ५ गिगाहर्ट्झच्या चॅनल ३६ वर उठत नाही, मग तो लूप फिरवून सगळ्या चॅनलांवरचा तो फ्लॅगच पुसतो. एका ओळीचा पॅच, म्हणूनच लोकप्रिय. अरे, देश सेट कर की! रडारही वापरतात त्या चॅनलांवरही हीच घाई. प्रसारणाआधी ६० सेकंद ऐकावंच लागतं, आणि युरोपात ५६००–५६५० मेगाहर्ट्झवर १० मिनिटं, कारण तिथे हवामानाचे रडार असतात. ड्रायव्हर अडकलेला नसतो, तो नियम पाळत असतो.

शक्तीची एककं घोळू नका. नियमात एमबीएम (डीबीएम या शक्तीच्या एककाचा शंभरावा भाग, म्हणून आकडा शंभरपट), कर्नलच्या चॅनल स्ट्रक्चरमध्ये डीबीएम, आणि काही फर्मवेअरना अर्ध्या डीबीएमचे टप्पे लागतात. मी एकक व्हेरिएबलच्या नावातच घालतो.

स्वतःचे कस्टम नियम विफी (कर्नलमधली वायफाय डिव्हाइसची नोंद) रजिस्टर करण्याआधी लावा, रेग्युलेटरी हिंट, म्हणजे देश सुचवणारा इशारा, नंतर द्या.

'सेल्फ मॅनेज्ड' (नियम डिव्हाइस स्वतःच सांभाळतं असं सांगणारा) फ्लॅग कर्नलची कटकट टाळायला नसतो. फर्मवेअर खरोखर स्वतः निर्णय घेत असेल तरच लावा.

बूटच्या वेळी 'रेग्युलेटरी डॉट डीबी' (त्या डेटाबेसची फाइल) लोड करताना उणे २ एरर (फाइल सापडली नाही) आली, तर बहुधा सीएफजी८०२११ कर्नलमध्येच बांधलेलं असतं आणि रूट फाइलसिस्टिम अजून माउंट झालेली नसते. मॉड्यूल करा, नाहीतर ती फाइल आणि तिची सही दोन्ही कर्नलमध्येच भरा. यावर अजूनही सीआरडीए (कर्नलला हे नियम पुरवणारा जुना प्रोग्रॅम) इन्स्टॉल करायला सांगणारे भेटतात. कर्नल ४.१५ पासून ही फाइल कर्नल स्वतःच वाचतो.