टोळधाडीच्या धास्तीत बांध तासायचे राहू देऊ नका

मे महिना सरत आला आहे, ठाण्याकडे मान्सून साधारणपणे 11 जूनच्या आसपास पोचतो, आणि मुरबाड-शहापूरकडील कित्येक भातखाचरांचे बांध अजून वाळल्या गवतासह तसेच आहेत. भात खाणाऱ्या नाकतोड्याची अंडी याच बांधांत असतात, म्हणून बांधाचा विषय सर्वांत आधी घेतो.

गवतातून मोठा कीटक उडाला की टोळधाड आल्याची हाकाटी होते आणि दुसऱ्याच दिवशी दुकानातून महागडी बाटली घरी येते. 2020 साली थवे मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आले, तेव्हापासून ही धास्ती अधिकच वाढली. परंतु वाळवंटी टोळाचे कायमचे घर म्हणजे पश्चिम आफ्रिकेपासून राजस्थानपर्यंतचा, वर्षाला 200 मिलिमीटरहून कमी पावसाचा पट्टा असून तो ओलसर वाळूत अंडी घालतो. आपल्या जिल्ह्यात त्याच्या दहापट पाऊस पडतो. थव्यातला कोवळा टोळ गुलाबी असतो व वयात आल्यावर पिवळा होतो. एकटा राहणारा तपकिरी-करडा असतो. आपल्याकडे तपकिरी रंगाचा, पाठीवर फिकट पट्टा असलेला दिसतो तो बहुधा मुंबई टोळ, म्हणजे टोळाची वेगळी जात होय. 1901 ते 1908 या काळात त्याचा मोठा उपद्रव झाला होता, एरवी तो गवतात एकेकटा राहतो.

भात खाणारा नाकतोडा निराळाच आहे. तो हिरवट-पिवळा असतो आणि त्याच्या मानेवरील ढालीवर काळ्या आडव्या रेषा असतात. त्याची मादी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बांधाच्या मातीत अंडी घालते, ती पहिल्या पावसानंतर फुटतात, पिल्ले आधी बांधावरचे गवत खातात आणि मग भातात उतरतात. बांध न तासल्यामुळे कडेच्या ओळी पार खाल्ल्या गेलेली खाचरे मी वारंवार पाहिली आहेत. म्हणून बांधाची वरची दोन-तीन इंच माती आताच तासून उलटी करावी. उघडी पडलेली अंडी उन्हाने सुकतात, उरलेली साळुंक्या टिपतात. ज्या बांधावर दुपारचे ऊन अधिक पडते तेथे अंडीही अधिक सापडतात, असा माझा अनुभव आहे. तो बांध आधी घ्यावा.

राब भाजणी (रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजणे), बियाणे निवडणे, हलके बी वेगळे करण्यासाठी ते मिठाच्या पाण्यात टाकणे आणि चर काढणे ही बाकीची कामे बांधानंतर घ्यावीत.

पिल्ले दिसलीच तर भल्या पहाटे, ती सुस्त असताना, जाळीने गोळा करावीत आणि फक्त बांधावर 5 टक्के निंबोळी अर्क (5 किलो निंबोळी पूड, 100 लिटर पाणी) फवारावा. सबंध खाचरावर औषध मारण्याचा दुकानदाराचा आग्रह मानू नये, कारण त्याने किडी खाणारे कोळी आणि चतुरही मरतात. बांध सामायिक असल्यास शेजाऱ्याशी याच आठवड्यात बोलून दोन्ही बाजू एकाच दिवशी तासाव्यात.