गाऊट असेल तर युरिक ॲसिड ६ च्या खाली कसं आणायचं आणि तिथेच कसं ठेवायचं

गाऊट म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून त्याचे खडे सांध्यात धरणं आणि सांधा अचानक सुजणं. आमच्याकडे इंदूरला कोणाचं युरिक ॲसिड वाढलेलं निघालं की पहिला सल्ला येतो वरण बंद करा, मग टोमॅटो बंद, पालक बंद, राजम्याचं तर नावच काढू नका. बाबांनी हे सगळं आठ महिने अगदी मनापासून पाळलं, रोज दुधीची भाजी आणि पोळी, आणि त्याच आठ महिन्यांत अंगठा तीनदा सुजला. रिपोर्ट ८.९ चा ८.४ झाला, बस, एवढाच फरक. म्हणून ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहितेय, तुमचे तरी एवढे महिने जाऊ नयेत. मी डॉक्टर नाही, पण गेली तीन वर्षं बाबांची फाईल मीच सांभाळतेय आणि जे वाचलं ते संधिवाताच्या डॉक्टरांना विचारून मगच केलंय. खाली गोळ्यांचे डोस दिलेत ते समजून घ्यायला, मनाने सुरू करायला नाही.

आधी ओळखायचं कसं ते. बाबांना गाऊटचा पहिला अटॅक अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघून आल्यावर दुसऱ्या रात्री आला. आदली रात्र सगळी उभ्याने गेलेली, पाणी जेमतेम प्यायलेले, शिवाय घरी येताना सगळ्यांनी कचोरी खाल्लेली. रात्री अडीचला हाक आली, "अगं तो पंखा बंद कर, वारा लागतोय अंगठ्याला." दिवा लावून बघितलं तर उजव्या पायाचा अंगठा मुळाशी लालभडक, कातडी ताणून चकचकीत झालेली, हात नुसता जवळ नेला तरी गरम लागत होतं. आईला वाटलं काहीतरी चावलं, काका म्हणाले चालून लचकला असेल, आणि त्यांनी तेल गरम करून चोळायला घेतलं तर बाबा ओरडलेच. चोळायचं नाही, शेकायचंही नाही. एकच सांधा, बहुतेक वेळा अंगठ्याच्या मुळाचा, रात्री किंवा पहाटे अचानक सुरू होणार, २४ तासांच्या आत दुखणं टोकाला जाणार आणि काही केलं नाही तरी आठ-पंधरा दिवसांत आपोआप उतरणार, ही गाऊटची चाल आहे. आपोआप उतरतं ना, तिथेच माणूस फसतो, त्याला वाटतं बरं झालं. पण सांधा लाल आहे आणि सोबत थंडी वाजून ताप आहे, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला न्या, सांध्यात पू झाला असला तर तो वेगळा आणि घाईचा आजार आहे.

दुसरी फसवणूक रिपोर्टची. अटॅकच्या दिवसात रक्तातलं युरिक ॲसिड खाली आलेलं असू शकतं. बाबांचं त्या दिवशी ६.४ आलं आणि एका दवाखान्यात सांगितलं की नॉर्मल आहे, गाऊट नाही, पाच दिवस पेनकिलर घ्या. तीन आठवड्यांनी परत केलं तेव्हा ८.९ निघालं. म्हणजे टेस्ट अटॅक उतरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी परत करायचीच. त्याच वेळी क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), लिव्हरच्या टेस्ट आणि शुगरही करून घ्या, पुढे कोणती गोळी चालेल ते त्यावरच ठरतं. एकदम पक्कं निदान हवं असेल तर सुईने सांध्यातलं पाणी काढून मायक्रोस्कोपखाली बघतात, त्यात सुईसारखे खडे दिसतात, ही पद्धत १९६१ मध्ये मॅककार्टी आणि हॉलंडर यांनी दाखवली आणि आजही तीच सगळ्यात खात्रीची. उलट ज्यांचं युरिक ॲसिड नुसतं रिपोर्टमध्ये वाढलंय, पण अटॅक कधी आला नाही, किडनीत खडा नाही, काही त्रास नाही, त्यांना सहसा गोळी लागत नाही, रिपोर्ट बघून घाबरू नका.

आता अटॅकच्या रात्री काय करायचं. पाय उशीवर वर ठेवायचा, बर्फ पातळ नॅपकिनमध्ये गुंडाळून वीसेक मिनिटं, मग थोडं थांबून परत. पांघरुणाचा भार सहन होत नाही, त्यासाठी आईने शोधलेला उपाय सांगते, भाज्या धुवायची प्लॅस्टिकची मोठी जाळीची टोपली घ्यायची, एका बाजूने कापायची आणि पावलावर उपडी ठेवायची, वरून चादर घालायची. चादर टोपलीवर राहते, पाय मोकळा. बाबा त्या रात्री पहिल्यांदा दोन तास झोपले. ती टोपली अजून कपाटावर आहे.

औषध लवकर घेतलं तर जास्त चालतं, शक्यतो पहिल्या दिवशीच, त्यामुळे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणून घरात ठेवायचं. पूर्वी कोल्चिसिन ही अटॅकची गोळी तासातासाला द्यायचे, जुलाब लागेपर्यंत. २०१० मध्ये छापून आलेल्या एका ट्रायलमध्ये १.८ मिलिग्रॅमचा छोटा कोर्स आणि ४.८ चा मोठा कोर्स समोरासमोर ठेवून बघितले, आराम दोन्हींनी जवळपास सारखाच पडला पण जुलाब छोट्या कोर्समध्ये २३ टक्के लोकांना आणि मोठ्यात ७७ टक्के. म्हणजे जास्त गोळ्या खाऊन फायदा काही नाही, त्रास तेवढा मिळतो. आपल्याकडे गोळी ०.५ मिलिग्रॅमची असते, साधारण दोन आधी आणि एक तासाने एक असं सांगतात. किडनी कमजोर असेल तर हीच गोळी जड जाते, आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असताना तर ती धोकादायक आहे, डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची पट्टी दाखवायची. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर साध्या पेनकिलरही मनाने घेऊ नका, अशा वेळी काही दिवस स्टेरॉइड देतात.

एवढं सगळं झालं ते आग विझवणं. आजार तसाच आत बसलेला असतो. पाक गार झाला की पातेल्याच्या कडेला साखर खडे धरते ना, तसंच हे. रक्तात युरिक ॲसिड दर १०० मिलिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळून राहू शकत नाही, खडे धरायला लागतं, आणि शरीराचा गार भाग म्हणजे पायाचं टोक, म्हणून अंगठा. आणि धरलेले खडे परत विरघळवायचे असतील तर पाक पातळ ठेवावा लागतो, एक दिवस नाही, महिनोन्महिने. म्हणून टार्गेट ६ च्या खाली, आणि कानाला कोपराला गाठी आल्या असतील तर ५ च्या खाली. लॅबच्या कागदावर ७ पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, गाऊटच्या माणसाने तो आकडा बघायचाच नाही, आपला आकडा ६.

आता ६ च्या खाली पथ्याने येतं का, तर कडक पथ्याने साधारण एक पॉइंट उतरतो, त्याहून जास्त क्वचित. कारण बरंचसं युरिक ॲसिड आपलं शरीर स्वतःच बनवतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत खरी अडचण ते किडनीतून नीट बाहेर न जाण्याची असते. ८.९ वाल्याला वरण सोडून ६ खाली जाता येत नाही, हा साधा हिशोब आहे आणि तो आम्हाला कोणी मांडून दाखवला नाही.

म्हणून ॲलोप्युरिनॉल. हे औषध गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलं, आधी ते ल्युकेमियाच्या एका गोळीचा परिणाम टिकावा म्हणून बघत होते, मग लक्षात आलं की याने युरिक ॲसिडच उतरतं. १९६६ पासून अमेरिकेत गाऊटसाठी मिळतंय, दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. जुनं आहे, स्वस्त आहे, आणि पहिली निवड आजही हेच. सुरुवात १०० मिलिग्रॅमने किंवा किडनी कमजोर असेल तर त्याहून कमी, मग दर काही आठवड्यांनी टेस्ट आणि थोडं थोडं वर. बाबांचं १०० वर ७.८ आलं, २०० वर ६.७, ३०० वर ५.६. मी दर वेळी आकडा कालनिर्णयच्या पानावर त्या तारखेच्या चौकोनात लिहिते, बाबा येता जाता बघतात, त्यांना त्यातूनच पटलं. खूप लोक १०० वरच वर्षानुवर्षं राहतात, कोणी टेस्टच करत नाही, मग म्हणतात गोळीचा उपयोग नाही. उपयोग आकडा येईपर्यंत वाढवल्यावर कळतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला ५१७ पेशंटवर एक ट्रायल झाली, २०१८ मध्ये छापली, त्यात अर्ध्या लोकांना नर्सने नीट बसवून समजावलं, टेस्ट करत करत डोस वाढवला, आणि बाकीचे नेहमीच्या पद्धतीने आपापल्या डॉक्टरकडे. दोन वर्षांनी नर्सकडच्या ९५ टक्के लोकांचं टार्गेट आलं होतं, दुसरीकडे ३० टक्के. गोळ्या काही नव्या नव्हत्या, फक्त कोणीतरी मागे लागून आकडा बघत होतं. तुमच्या घरात ती नर्स तुम्हीच व्हा.

इथे सगळ्यात जास्त लोक गळतात तो टप्पा सांगते. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत अटॅक उलट जास्त येऊ शकतात. जुने खडे विरघळताना सुटे होतात म्हणून. बाबांना दुसऱ्या महिन्यात आला आणि ते म्हणाले, "ही गोळीच वाईट, बंद कर." बंद नाही करायची. याचसाठी पहिले तीन ते सहा महिने सोबत रोज कोल्चिसिनची एक छोटी गोळी देतात, ती दिली नसेल तर डॉक्टरांना विचारा. अटॅक आला तर ॲलोप्युरिनॉल चालू ठेवून अटॅकचं औषध वेगळं घ्यायचं. मात्र अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, ताप आला, तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांकडे जायचं, सुरुवातीच्या काही आठवड्यांत ही रिॲक्शन क्वचित येते पण जीवावर बेतू शकते, दोन दिवस बघू म्हणायचं नाही. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबायची गोळी) चालू असलेल्यांनी तर आधीच सांगायचं, दोन्ही एकत्र म्हणजे मोठा धोका. फेबुक्सोस्टॅट ही युरिक ॲसिड उतरवणारी दुसरी गोळी, तिच्याबद्दल २०१८ च्या केअर्स ट्रायलमध्ये हार्टने मृत्यू जास्त दिसले, २०२० च्या फास्ट ट्रायलमध्ये तसं दिसलं नाही, म्हणून हार्टचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांशी बोलूनच.

आता खाणं, कारण इंदूरला त्यावाचून चालणार नाही. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये आला, त्यात मटण-मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, कमी फॅटचं दूध-दही घेणाऱ्यांना कमी, आणि वाटाणा, मसूर, पालक, फ्लॉवर यांच्याने धोका वाढलेला दिसलाच नाही. त्याच गटात बिअर आणि दारूने धोका वाढला, बिअरने जास्त. आणि गोड कोल्ड्रिंक रोज दोन किंवा जास्त पिणाऱ्यांत ८५ टक्के जास्त. कारण साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज, तो लिव्हरमध्ये मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. म्हणजे आमच्या घरी वरण बंद होतं आणि पोह्यांबरोबर जिलबी, दुपारी उसाचा रस, संध्याकाळी कोल्ड्रिंक चालू होतं, नेमकं उलटं. आता वरण-भात रोज, ताक रोज, पोहे खुशाल, जिलबी रविवारी एखादी, उसाचा रस बंद. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जातात, भुट्ट्याचा कीस खातात, थंडीत गराडूही (तळलेला कंद), वर इथल्या गोड दुधाच्या शिकंजीचा ग्लास मात्र घेत नाहीत. चेरीचा ज्यूस, ॲपल व्हिनेगर, हे महागाचे बाटलीतले उपाय विकत घ्यायची मला गरज वाटत नाही, ते पैसे टेस्टला ठेवा.

वजन असेल तर हळूहळू उतरवा, पण उपाशी राहून नाही. कडक उपासात शरीर चरबी जाळतं आणि किडनी युरिक ॲसिड अडवून धरते, वर पाणी नाही घेतलं तर अजून वाढतं. निर्जळी एकादशी बाबांनी सोडली, आता त्या दिवशी पाणी, ताक, फळ घेतात. मे महिन्यात इथल्या उन्हात बाहेर निघताना बाटली बरोबर हवीच, हार्ट किंवा किडनीसाठी पाणी मोजून सांगितलं असेल त्यांनी तेवढंच.

बीपीच्या गोळीकडेही बघा. हायड्रोक्लोरोथायझाइड युरिक ॲसिड वाढवते, लोसार्टन थोडं उतरवते. बाबांच्या जुन्या गोळीत पहिली होती, फिजिशियनने बदलून दिली. हार्टसाठीची छोटी ॲस्पिरिनही थोडं वाढवते पण ती कोणी मनाने बंद करू नका, तिचं काम मोठं आहे.

आता बाबांना सव्वा वर्षात अटॅक नाही. टेस्ट दर सहा महिन्यांनी, गोळी रोज जेवणानंतर, सुटली तर आकडा परत चढतो हे त्यांनी एकदा दिवाळीत दोन आठवडे विसरून बघितलंय, ५.६ चं ७.१ आलं होतं. पुण्याला लग्नाला जाताना ॲलोप्युरिनॉलची पूर्ण पट्टी आणि कोल्चिसिनच्या तीन गोळ्या बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवते, बॅगेत नाही, कारण रात्रीच्या गाडीत बॅग बर्थखाली असते आणि अटॅक आला तर वाकून ती काढता येणार नाही.