लेकरांचे क्लास आणि मोकळा खेळ : या चुका टाळा

दहावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी लातूर-नांदेडला मुलांची किती गर्दी होते, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्या वयाला वेळापत्रक लागतंच. पण तीच सवय आता साडेचार वर्षांच्या लेकरापर्यंत आली आहे. शाळा सुटली की फोनिक्स, मग अबॅकस, शनिवार-रविवारी स्केटिंग. क्लास वाईट नसतात. क्लासभोवती लेकराचा सगळा दिवस बांधला, की अडचणी सुरू होतात.

चूक : उरलेल्या वेळेत खेळ

पाच वर्षांच्या लेकराचा दिवस एकदा कागदावर मांडून पाहा. झोप ११ तास. शाळा आणि व्हॅनचं जाणं-येणं ५ तास. अंघोळ, कपडे, जेवणं यांचे ३ तास धरा, या वयात एकेक घास सावकाशच जातो. राहिले ५ तास. दोन क्लास लावले, की तयारी आणि ये-जा धरून त्यातले निम्म्याहून जास्त गेले. बाकीच्यात गृहपाठ, टीव्ही, आल्यागेल्याचं. मोकळ्या खेळाला जागाच उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये लहान मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान ३ तास हालचाल करावी, त्यातला किमान १ तास धावपळीचा, दम लागणारा असावा. झोप १० ते १३ तास आणि बसून स्क्रीन पाहणं १ तासाच्या वर नको, असं त्यात आहे. बसून करायच्या क्लासात ही हालचाल होत नाही. स्केटिंग-कराट्यात होते, पण आपली पाळी येईपर्यंत रांगेत थांबण्यातही बराच वेळ जातो.

म्हणून वेळापत्रक उलटीकडून लिहा. आधी झोप, मग संध्याकाळचा निदान तासभर खेळ, आणि त्यानंतर जागा असेल तरच क्लास. माझं मत स्पष्ट आहे : सहा वर्षांपर्यंत एका वेळी एकच क्लास पुरे.

चूक : खेळातही शिकवत राहणं

ही चूक सगळ्यात जास्त मायेपोटी होते. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर लेकरू बोगदा खणत असतं आणि आपण शेजारी बसून विचारतो, "किती बोगदे झाले? मोज बरं. हा आकार कोणता?" तिथेच खेळ संपतो आणि परीक्षा सुरू होते. काय करायचं, कसं करायचं आणि कधी थांबायचं हे लेकरू स्वतः ठरवतं, तोच मोकळा खेळ. सोसायटीतल्या काकांनी शिट्टी वाजवून घेतलेल्या स्पर्धा मजेच्या असतात, पण त्या यात मोजू नका.

गल्लीत लगोरी चालली असेल तर थोडं लांबून बघा. कोण बाद, कोण नाही यावर निम्मा वेळ भांडण चालतं. मग एखादं मोठं पोरगं तोडगा काढतं. सगळ्यात धाकट्याला "कच्चं लिंबू" करून आत घेतलं जातं, म्हणजे तो बाद झाला तरी बाद नाही. वाटाघाटी, हरणं पचवणं, आपल्याहून लहानाला सांभाळून घेणं हे सगळं तिथे मोठ्यांशिवाय घडतं. तुम्ही दिसेल एवढ्या अंतरावर बसा. दगड, काठी, चावणं, येणारी गाडी, एवढ्यालाच उठा. लेकरू तक्रार घेऊन आलं तर निवाडा करू नका, "मग आता काय ठरवलंत तुम्ही?" एवढंच विचारा.

"पण मागे पडेल ना?" ही भीती खरी असते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर आहे. तीन वर्षांच्या लेकराला हस्ताक्षराच्या वर्गाची गरज नाही. कणकेचा गोळा, तुरीच्या शेंगा सोलणं, गजगे झेलणं यानं बोटांत तेच बळ येतं.

चूक : "कंटाळा आला" म्हटलं की मोबाइल

थोडं थांबा. सुरुवातीचे काही दिवस कुरकुर वाढेल, ते धरूनच चाला. रिकामे डबे, खोके, जुनी ओढणी, घासून बोथट केलेली करवंटी असं सामान एका टोपल्यात हाताशी ठेवा आणि त्याचं काय करायचं ते सांगू नका.

चूक : उन्हाळ्यात खेळ बंद, शिबिर सुरू

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे दुपारी बाहेर नकोच. बागेतली पत्र्याची घसरगुंडी तर ऊन उतरल्यावरही आधी हात लावून बघा, चटका बसतो. पण सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाच-सहानंतर अंगण, गच्ची, गल्ली मोकळी असते. ती वेळ शिबिराला देऊ नका. शिबिर लावायचंच असेल तर घरात बसण्याच्या वेळेतलं बघा. दुपारी घरात चिंचोके, पत्ते, चादरीचं घर चालतं. तीन वर्षांच्या आतल्या लेकराजवळ मात्र चिंचोके-गजगे ठेवू नका, घशात अडकतात. टँकरच्या दिवसांत पाण्याचा खेळ जिवावर येतो. भाज्या धुतलेलं पाणी टोपात द्या, ओतून-भरून झालं की तेच झाडांना घाला. पाण्याशी खेळताना मोठं माणूस जवळ हवंच.

चूक : फी भरली म्हणून ओढत नेणं

क्लासच्या दिवशीच पोट दुखतं, संध्याकाळी क्षुल्लक कारणावरून रडारड होते, झोपेत दचकणं वाढतं, आवडीची चित्रंही काढावीशी वाटत नाहीत. अशी लक्षणं दोन-तीन आठवडे दिसली तर आधी झोप मोजा, मग क्लासच्या सरांशी किंवा मॅडमशी बोला. तिथे कोणी ओरडतं का, चिडवतं का, हे लेकराला निवांत वेळी विचारा. कारण सापडलं नाही तर महिनाभर क्लास थांबवा. या काळात त्याजागी दुसरा क्लास लावू नका. लेकरानं स्वतःहून "कधी जायचं?" विचारलं तर पुन्हा पाठवा. विचारलंच नाही तर भरलेली फी सोडून द्या. आणि क्लास थांबवूनही पोटदुखी किंवा झोपेचा त्रास राहिला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.